हाताचा बूट

हॅमिल्टनच्या दवाखान्यात क्षितिज आईशेजारी दुभाष्या म्हणून बसला होता खरा, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता. गेले काही महिने सुमतीबाई शेगडी चालू ठेवून फिरायला जात, सांगितलेलंच पुन्हा सांगत. म्हणून आज ही स्मरणशक्तीची तपासणी. दवाखाना स्वतःचा दुभाष्या द्यायला तयार होता. पण आपल्या आईचं आपण बघू, हा पुणेरी बाणा आडवा आला.

नर्स चित्र दाखवी, आई मराठीत नाव सांगे, क्षितिज ते इंग्रजीत करी. कात्री झाली, छत्री झाली. मग हातमोजा आला.

"हाताचा बूट," आई ठामपणे म्हणाली.

मन चिंती ते वैरी न चिंती. आई उद्या आपल्यालाही ओळखणार नाही, इथवर क्षितिजचं मन धावलं. आणि तो बेधडक खोटं बोलला, "ग्लव्ह."

"नो, नो!" सुमतीबाईंना तेवढं इंग्रजी येत होतं. "हॅन्ड, शू. डच! अरे, शेजारच्या टिनेकेने शिकवलं मला. हांटस्खून. हांट म्हणजे हात, स्खून म्हणजे बूट. मी तिला म्हटलं, आम्ही हाताला मोजा घालतो, तुम्ही थेट बूटच चढवता होय! केवढी हसली!"

नर्सही खळखळून हसली. तिचे आजोबा डच होते, तेही हाच शब्द वापरायचे. "स्वीट ॲज, सुमती!" अशी इथल्या बोलीत शाबासकी देत तिने पुढचं चित्र काढलं.

क्षितिजचा जीव भांड्यात पडला. विसरतेय कुठली, बाई या वयात नवी भाषा शिकलीय! उगाच घाबरलो म्हणून त्याने स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

गाडीत बसल्यावर आई खुशीत होती. "आधी टिनेकेकडे थांबव हं. तिचा शब्द परीक्षेत आला म्हणून सांगते. कालच म्हणत होती, येताना वरणभात आण."

किल्ली क्षितिजच्या हातातच राहिली. टिनेकेला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या अंत्यविधीत सर्वांत जास्त आईच रडली होती.

दवाखान्याच्या काचेतून नर्स हसून हात हलवत होती. आईनेही हलवला.

"आई, तू बस जरा," दार उघडत तो म्हणाला. "आत एक गोष्ट सांगायची राहिली."