भिंगाखालची भेग

मित्रांनो, महाळुंग्यातल्या एका कारखान्यात राहणारा मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पोलादाच्या पोटात काय चालले आहे, ते दाखवणे हे माझे काम. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. पुढे संगणकाची यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. भिंगांवर धूळ साचली. दिवा लुकलुकू लागला.

मग दापोडीची मिनल नोकरीला लागली. तिने आल्या आल्या मला पुसून घेतले. तिचा हात फार सराईत होता. त्याचे कारण तिच्या भावाच्या फोनमुळे कळले.

“काय डॉक्टरीणबाई, आज किती पेशंट तपासले?”

“हळू बोल रे सनी! इथं कुणाला माहीत नाही.”

मिनलने धातुशास्त्रात पीएच.डी. केली होती. कॉलेजात तासापुरते शिकवण्याचे काम मिळे, तेही सुट्टीत बंद. परदेशी प्रयोगशाळांची उत्तरे येत नव्हती. कंपन्या म्हणत, एवढी शिकलेली मुलगी इथे टिकायची नाही. म्हणून इथे तिने पदवीपर्यंतचेच शिक्षण सांगितले. अजून ती कायम झाली नव्हती.

एके दुपारी गाड्यांच्या स्टिअरिंगचे दांडे भरून ट्रक गेटवर उभा होता. त्याच मालातला एक तुकडा माझ्याखाली होता. विभागप्रमुख ज्योतीराम सर घाईने आले.

“सही करा मॅडम, ट्रक अडलाय.”

“सर, यात भेग आहे.”

“ओरखडा असेल हो! पॉलिश करताना येतोच.”

“ओरखडा सरळ जातो. ही रेघ पोलादाच्या कणांच्या कडेकडेनं वळत गेलीय. भट्टीतून काढून गार करताना पडलीय ही.”

“काल-परवा आलात तुम्ही. हे कुठं शिकलात?”

मिनल गप्प झाली. माझा दिवा थरथरला. आता विझलो, तर सर न पाहताच जातील!

“यातच पीएच.डी. केलीय, सर.”

“म्हणजे खोटं बोलून लागलात?”

“कमी सांगितलं. चुकलंच माझं. पण आधी हे बघा. घाटात असा दांडा तुटला तर गाडीत अख्खं कुटुंब असेल.”

सर वाकले. मी उरलासुरला उजेड त्या रेघेवर धरला. बराच वेळ त्यांनी डोळा हलवला नाही. मग गेटवर फोन लावला.

“ट्रक सोडू नका. माल उतरवा.”

मिनलने पर्स उचलली.

“कुठं निघालात?”

“नोकरी गेली ना, सर?”

“ते मोठे साहेब ठरवतील. मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण टिकणार किती दिवस, डॉक्टर?”

“भट्टी नीट होईपर्यंत तरी हलत नाही.”

सर हसले नाहीत. “मग चला भट्टीवर,” एवढेच म्हणाले.

मित्रांनो, साहेबांचा निर्णय अजून व्हायचा आहे. तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला धूळ खात ठेवू नका. आणि घरात कुणी खूप शिकत असेल, तर “याचा उपयोग काय?” असे टोचून त्याला शिक्षण लपवायला लावू नका. मिनल आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती, तर तो ट्रक गेटबाहेर गेला असता.