परतवाड्याचा चौक

सूर्यभान चढावरून खाली आला तवाच मले समजलं का काहीतरी झालं. हा पोट्टा कधी सिद्दा चालत येत नाई. उड्या मारत येते, दगडं लाथाडत येते. आज तो हळूहळू येऊन राह्यला होता आन मोबाईल खिशात न ठेवता हातात धरून होता.

आमी दोघं सायकलीनं जंगल फिराले निघालो होतो आन सेमाडोहले आमच्या फोनले रेंज नव्हती. गावाबाहेरच्या चढावर एका जागी थोडी येते म्हनून तो सकाळीच तिकडं गेला होता, घरी सांगाले का आमाले वाघानं खाल्लं नाई. मी ज्याच्या ओसरीत रात्री झोपलो होतो त्याच्याच हापशीवर तोंड धुवून राह्यलो होतो.

"काय झालं बे?"

"उत्तमकाकाचा फोन होता. तुह्या बाबाले वावरात छातीत दुखलं. अमरावतीले नेलं. दवाखान्यात हाय. सिद्दा तिकडंच ये म्हनते."

"कवा नेलं?"

"काल."

"मंग?"

"मंग काय. मास्क लावला हाय तोंडाले. तू ये म्हनते फक्त."

हातातला पानी सारा निथळून गेला.

आमच्या भागात मानूस गेला असं फोनवर कोनी सांगत नाई. लांबचा मानूस रस्त्यात आडवा पडन, गाडीखाली येईन, म्हनून सांगत नाईत. दवाखान्यात हाय म्हनतात, मशीन लावली म्हनतात, तुमी या फक्त म्हनतात. मानूस येते, घरासमोरची गर्दी पाहते आन मंग त्याले समजते. आज्या गेला तवा अकोल्याच्या आत्याले फोन मीच लावला होता. आज्या अंगनात निजवलेला, नाकात कापूस, आन मी तिले सांगून राह्यलो होतो का आक्सिजनवर हाय, येऊन जा. तिनं शपथ घ्याले लावली. मी तिचीच शपथ घेतली.

"खरं सांग," मी म्हनलं. "गेला ना?"

"अबे नाई. काहीबी बोलू नको."

"माही शपथ घे."

"तुही शपथ. काकानं सांगतलं तेच सांगून राह्यलो."

"मीबी तेच सांगतलं होतं आत्याले."

त्यानं आमच्या दोघांच्या पिशव्या त्याच्याच सायकलले बांधल्या. मले तं ते पाहूनच खात्री झाली. हा मानूस स्वतःची बाटली मले उचलाले लावते.

परतवाड्याची येष्टी निघून गेली होती. मंग सायकलीवरच निघालो. सेमाडोहहून घटांगपर्यंत चढच चढ. येताना याच उतारावर आमी हँडल सोडून बोंबलत आलो होतो. आता पॅडल मारताना मले एकच गोष्ट दिसे. मी अकरावी सोडली, मास्तरच्या अंगावर गेलो म्हनून काढलंच म्हना, तवापासून बाबा माह्यासंगं बोलत नव्हता. मारलं असतं तं बरं होतं. मारलं नाई. जेवाले बसला का माह्या ताटाकडं पाहे, माह्याकडं नाई. आन आमी निघालो त्या सकाळी तो अंगनात दोर वळत बसला होता, मान वर न करता म्हने, "ब्रेक पाह्यले का?"

एवढ्या महिन्यांत पह्यला शब्द. मी जवाब नाई देला. म्हनलं, आता तुमाले गरज पडली काय. मनात म्हनलं. आन पॅडल मारलं. वापस आलो का देऊ जवाब, चिखलदऱ्याचा खवा घेऊन जाऊ, संगं बसून खाऊ, असं डोक्यात होतं.

घटांगच्या अलीकडं सायकलवाले भेटले. अमरावतीचे असतीन, वकील-प्रोफेसर टाईप. गेरच्या सायकली, डोक्यावर टोप्या, मागं त्याहीची एक गाडी केळं आन पानी घेऊन. एक बाई थांबली, लय खुश होती.

"दादा, सेमाडोह अजून किती?"

"आता उतारच हाय," सूर्यभान म्हने.

"वा! आणि तुम्ही या साध्या सायकलींवर? ग्रेट. एक फोटो काढू का तुमचा? थोडं हसा ना."

"माहा बाप मेला," मी म्हनलं.

बाईनं मोबाईल खाली केला. सूर्यभान मधात आला. "नाई ओ मॅडम, काही नाई झालं. दवाखान्यात हाय तो. तुमी जा, ऊन होऊन राह्यलं." मंग माह्याकडं पाहून, "काहून असं बोलतं बे? तोंडात किडे पडतीन."

पन मी बोललो होतो. मोठ्यानं बोललो होतो. त्याच्यानंतर मले शंका राह्यलीच नाई.

घटांगपासून खाली उतार लागला. सागाची वाळलेली पानं रस्त्यावर, वळनावर चाक घसरे. मी ब्रेक दाबत दाबत रडत होतो. उतारावर रडाचं बरं असते, हवा सारं मागं नेते. सूर्यभान पुढं जाय, थांबे, मागं पाहे, मी आलो का पुन्हा पुढं जाय. एकदा म्हने, "जल्दी चाल ना बे." मी म्हनलं, "आता कायची घाई हाय?"

परतवाड्याच्या चौकात फोनले रेंज आली. मीच काकाले लावला.

"कुठी हाय रे तू?" काकाचा आवाज बसला होता.

"परतवाड्यात. बाबाले फोन द्या."

"अरे मास्क हाय त्याच्या तोंडाले, कसा बोलन तो?"

"मायले द्या."

"ते आत हाय. आत फोन नेऊ देत नाईत. तू निघ ना बावा, जल्दी निघ."

मी फोन कापला. एक एक शब्द तोच. मी आत्याले जे सांगतलं होतं, तेच सारं हे मले सांगून राह्यले होते.

त्या चौकातून एक रस्ता अमरावतीले जाते आन एक अंजनगावले. आमचं गाव अंजनगावच्या रस्त्यानं. सूर्यभाननं सायकली ठेवाले एक पंक्चरवाला पाहूनबी ठेवला होता. "अमरावतीची गाडी लागली हाय. चाल."

"मी घरी चाललो."

"घरी काय हाय? दवाखाना अमरावतीले हाय."

"दवाखान्यात मुर्दा कोन ठेवते बे? काल नेलं म्हनते. आतापर्यंत घरी आनलं असन. अंगनात ठेवलं असन आन माह्यासाठी थांबले असतीन. आग मले द्याची हाय."

"अबे काका दवाखान्यातून बोलून राह्यला!"

"मीबी आत्यासंगं आज्याच्या उशापासून बोललो होतो!"

त्यानं माही कॉलर धरली. मी त्याले ढकललं. तो केळ्याच्या हातगाडीवर पडला, केळेवाल्यानं दोघाहीले आईवरून शिव्या देल्या. मी सायकल वळवली. मागं पाह्यलं नाई, पन थोड्या वेळानं त्याच्या चैनीचा आवाज मागं येऊन राह्यला होता.

गावात शिरताशिरताच मले काहीतरी खटकलं. पारावर बुढे पत्ते खेळून राह्यले होते. न्हाव्याचं दुकान उघडं, एकजन साबन लावून बसलेला. आमच्या गावात मौत झाली तं न्हावी माती होयेपर्यंत दुकान उघडत नाई. आमच्या घरासमोर कोनी नाई. बांबू नाई, गोवऱ्या नाई. कोंबड्या फिरून राह्यल्या होत्या. दाराले कुलूप.

शेजारची जमुनाकाकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मले पाहून तिच्या हातातली शेंग तशीच राह्यली.

"अवो माय! तू इथं काहून रे बंडू? सारे तिकडं अमरावतीले हायेत ना."

"काकू, बाबा जिता हाय?"

"थू तुह्या तोंडाले! जिता हाय म्हंजे? आत्ता तं उत्तमरावचा फोन होता मले. बोलता येत नाई त्याले, तं दोन मुठी अशा समोर धरून दाखवते म्हने. सायकलवाला कुठी हाय, आला का. घडी घडी तेच. आन तू इथं काय करून राह्यला?"

मी हसलो. लय जोरानं हसलो. पायरीवर बसलो आन हसतच राह्यलो, काकूले वाटलं याले ऊन लागलं. तिनं पान्याचा गडवा आनून माह्या डोक्यावरच ओतला. जिता हाय. मुठी धरून मले विचारून राह्यला. म्हनजे बोलून राह्यला ना माह्यासंगं.

सूर्यभान मले काहीबी म्हनू शकला असता. पन तो न्हाव्याकडं गेला आन त्याची फटफटी घेऊन आला. अर्धी दाढी झालेला मानूस दुकानाच्या दारात येऊन ओरडला, "बाबाले म्हना, खुशालराव, बरं होऊन ये, तुह्या डोक्श्यात लय केसं वाढले!"

परतवाड्याचा तो चौक आमी न थांबता पार केला. केळेवाला तिथंच होता. मी मागं बसून सूर्यभानच्या कानात बोलत होतो, हे सांगीन, ते सांगीन. ब्रेक पाह्यले होते म्हनून सांगीन. पाह्यले नव्हते, पन सांगीन. तो म्हने, "गप बस बे, गाडी हालून राह्यली."

आसेगावच्या अलीकडं फोन वाजला. काका.

"कुठी पोचला?"

"आसेगाव आलंच. बाबाले सांगा, आलो म्हना."

काकाच्या मागं कोनीतरी स्ट्रेचर म्हनलं, का मले तसं वाटलं.

"काका?"

"आता इकडं येऊ नको. आसेगावले उतर आन तिथंच उभा राह्य. आमीच येऊन राह्यलो."

"सुट्टी देली का? बरं वाटलं का त्याले?"

"तिथंच उभा राह्य, बेटा."

उत्तमकाकानं जन्मात मले कधी बेटा म्हनलं नव्हतं.

सूर्यभाननं गाडी बाजूले घेतली. तो रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राह्यला, माह्याकडं पाठ करून. ऊन कललं होतं. पांढरी गाडी दिसली का मी पुढं होऊ, मंग ती कोनाची तरी कार निघे, मंग मी मागं येऊ. एका बुढ्या मानसानं विचारलं, कोनती येष्टी पाह्यजे. मी म्हनलं, कोनतीच नाई.

मंग ॲम्बुलन्स आली. भोंगा बंद होता.

काकानं मागचं दार उघडलं. बाबाच्या तोंडावर मास्क नव्हता. गालावर त्याचे वळ होते, नाकाच्या दोही बाजूनं. माय त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मले आत वढलं, माह्या तोंडावरून हात फिरवला, धूळ पुसली. मंग विचारलं. रागानं नाई, तसंच विचारलं.

"कुठी होता रे तू? लय वाट पाह्यली त्यानं."

मी म्हनलं, "घरी."