खणातली म्हातारी

धाकटी भारी हट्टी होती, हे आधीच सांगून टाकतो. बापाची लाडकी, आणि बापासारखीच किड्यांच्या नादी लागलेली. सकाळी झुडपांत पालथं पडून जिवंत किड्यांचे फोटो काढायचे आणि दुपारी संग्रहालयात येऊन टाचणीला लावलेल्या मेलेल्यांचे, असा तिचा दिवस जायचा. बाबा त्याच संग्रहालयात कीटकांच्या खणांची देखभाल करायचे. उभा जन्म त्यांनी डांबरगोळ्यांच्या वासात काढला होता, आणि आता लोक म्हणत होते की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

झालं होतं असं, की बाबा एका खणासमोर स्टूल टाकून बसले ते उठायलाच तयार होईनात. खणात प्रार्थनाकीटक होते, पुढचे पाय जोडून उभे असल्यासारखे, ओळीने टाचलेले. त्यातल्या एका मोठ्या मादीला बाबा ‘म्हातारी’ म्हणायचे. आधी आपलं गमतीने. मग एक दिवस म्हणाले, “ती माझ्याकडे बघते.” झालं! त्यानंतर जेवणाची शुद्ध नाही, घरी जायची आठवण नाही. कोणी खणाजवळ फिरकलं की वसकन अंगावर यायचे. घरी दादा आणि वहिनी रडकुंडीला आले.

संचालक बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी धाकटीला खोलीत बोलावलं. “तुझ्या कॅमेऱ्यात मुंगीच्या पायावरचे केससुद्धा दिसतात. म्हातारीच्या डोळ्याचे फोटो काढ. खरंच काही असेल तर बाबांना बसू दे तिथे. नसेल, तर त्यांना कायमचं घरी पाठवावं लागेल. तू म्हणशील तसं करू.”

आता बघा, ही एवढी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जिवंत प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. तुम्ही डावीकडे सरका, उजवीकडे सरका, ठिपका तुमच्याकडेच वळतो. लोकांना वाटतं किडा बघतोय. तसं काही नसतं. त्या डोळ्याची घडणच अशी, की जो बघेल त्याला ठिपका आपल्याचकडे दिसतो. कॅमेरा लावला तर कॅमेऱ्याकडे. आणि किडा मरून वाळला की ठिपका जातो, डोळा नुसता मातकट होतो. हे धाकटीला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. म्हणूनच ती अगदी बिनघोर कामाला लागली.

तिने म्हातारीला खणातून अलगद उचललं, दिव्याखाली लावलं आणि पहिला फोटो काढून पडद्यावर मोठा केला.

डोळ्यात ठिपका होता. काळा कुळकुळीत.

आणि तो कॅमेऱ्याकडे नव्हता. डावीकडे होता, जिथे बाबा बसले होते तिकडे. धाकटीने कॅमेरा उजवीकडे नेला. ठिपका बाबांकडे. कॅमेरा वर नेला. ठिपका बाबांकडे. असं होत नाही हो! कुठल्याच किड्याचं होत नाही, मेलेल्याचं नाही आणि जिवंताचंही नाही. मग बाबा पाणी प्यायला उठून दारापाशी गेले, आणि पुढच्या फोटोत ठिपका दाराकडे सरकला होता.

“दिसलं ना?” बाबांनी दारातूनच विचारलं.

तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

“मला काय हौस आहे इथे बसायची?” बाबा जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले. “मी उठलो की ती दुसरं माणूस धरणार. आणि या खोलीत रोज कोण असतं? तू असतेस. म्हणून बसलोय मी, बाळा. तू खरं सांग बाईंना. तुझ्याशिवाय माझी बाजू घेणारं कोणी नाही.”

धाकटीने बापाकडे पाहिलं. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता, गालफडं बसली होती. खरं सांगावं, तर हा माणूस या स्टुलावर बसल्या बसल्या वाळून जाणार. तिला रडू फुटायला आलं. म्हातारीची भीती वाटत होती ती वेगळीच. बाबा घरी यावेत, दोन घास खावेत, उताणे पडून घोरावेत, एवढंच तिला हवं होतं.

तिच्या धंद्यात फोटोवरची धूळ पडद्यावरच पुसतात. त्यासाठी एक ब्रश असतो, फिरवला की डाग गायब. एकेका किड्यामागे ती असे ढीगभर कण पुसायची, हाताला सवयच झालेली. त्याच सवयीने तिने प्रत्येक फोटोतला ठिपका पुसला. मग मूळ फोटोही उडवले. बाईंना दाखवताना डोळे स्वच्छ मातकट होते.

“काही नाही,” ती म्हणाली. “मेलेला किडा आहे.”

बाबा भांडले नाहीत. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग घरून आलेल्या दादाने त्यांना हाताला धरून नेलं.

आणि गंमत म्हणजे बाबा बरे झाले! घरी गेल्या गेल्या पोटभर जेवले, झोपले, उठून वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले. दादा म्हणाला, “तू वाचवलंस त्यांना.” धाकटीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आपण केलं ते योग्यच केलं असं तिने स्वतःला बजावलं आणि पुन्हा कामाला लागली.

म्हातारीला खणात परत ठेवायचं राहिलं होतं. ठेवण्याआधी एक फोटो काढू, म्हणून तिने काढला.

ठिपका सरळ समोर होता.

ती कॅमेरा तसाच ठेवून खिडकीशी गेली आणि दुरूनच बटण दाबलं. ठिपका खिडकीकडे. कपाटामागे जाऊन दाबलं. ठिपका कपाटाकडे. ती धावत बाईंकडे गेली. बाई आल्या, पण धाकटी कॅमेऱ्यामागे उभी राहून दाखवणार, तर ठिपका कॅमेऱ्याकडेच येणार! बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “हा तर जिवंत किड्याचा फोटो आहे. सकाळी बागेत काढलास का?” खिडकीपाशी उभी राहून काढलेला दाखवला, तर म्हणाल्या, “पडद्यावर डाग पुसता येतो, तसा सरकवताही येतो ना?” आणि खुद्द म्हातारीवर त्या वाकल्या, तर त्यांना तिथे मातकट डोळाच दिसला. “तुमच्यासमोर पुन्हा काढते,” असं धाकटी म्हणेपर्यंत त्या हळूच दार ओढून घेऊन गेल्या.

बाबा एकीकडे आणि कॅमेरा दुसरीकडे असतानाचे ते पहिले फोटो तेव्हाच दाखवले असते, तर बाईंनी मानलं असतं. ते तिने स्वतःच्या हाताने पुसले होते. तिने घरी फोन लावला.

“बाबा, तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. मला दिसलं होतं. मी खोटं बोलले.”

“काय म्हणत होतो मी?”

“म्हातारी बघते म्हणून.”

बाबा मोकळेपणाने हसले. “मेलेला किडा बघतो होय गं? खुळी का काय तू!”

त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. मागून दादाने फोन घेतला. तिने रडत रडत सगळं सांगितलं, ठिपका, पुसलेले फोटो, सगळं. दादाने मधे एकदाही तोडलं नाही. लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात तो म्हणाला, “बरं, बरं. तू तिथेच थांब. मी येतो न्यायला.”

आणि तेव्हा तिला बाबांचं स्टुलावर बसणं कळलं. आपल्याला इथून उठवलं की दादा असेल या खोलीत, आपली पिशवी भरत, आपला कॅमेरा उचलत, आणि म्हातारी त्याला धरणार.

“दादा, येऊ नकोस,” ती ओरडली. “तुझ्या पाया पडते, या खोलीत पाऊल टाकू नकोस!”

“बाबाही हेच म्हणायचे,” दादा म्हणाला. “आलोच मी.”