तैयबाचाचीचा खुबा

मित्रांनो, मी एक जुना खुबा आहे. बोर्ली पंचतनजवळच्या खेड्यात राहणाऱ्या तैयबाचाचीचा, डाव्या बाजूचा. जुना म्हणालो, पण मी नुसता पडून राहिलेलो नाही. माझ्यात दोन टोळ्या राबतात. एक टोळी झिजलेले हाड पोखरून काढते, दुसरी तिथे नवे भरते. तोडणाऱ्यांना नावे ठेवू नका बरे. जुने काढल्याशिवाय नवे बसणार कुठे?

तरुणपणी चाचीने मला भरपूर काम दिले. विहिरीचे हंडे, सुपारीच्या पाट्या, कडेवर मुले. नवरा कुवेतला, त्यामुळे घराचा भार हिच्यावर आणि हिचा माझ्यावर. त्या ओझ्याचे मी आभारच मानतो, त्यानेच मी भक्कम झालो.

पन्नाशी उलटली आणि तोडणारी टोळी शेफारली. भरणाऱ्यांना तिचा वेग गाठता येईना. मी आतून विरळ होत चाललो, पण दुखत मात्र काहीच नव्हते. अखेर ओट्यावरून उतरताना चाचीचा तोल गेला आणि मनगट मोडले, तेव्हा कुठे माझी चौकशी झाली.

"मनगटावर निभावलं, चाची," डॉक्टर क्रांती म्हणाल्या. "खुबा मोडला तर अंथरूण धराल."

त्यांनी आठवड्याची एक गोळी दिली. ती अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. रक्त तेव्हा एकदा तपासले होते, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे, तेही अनशापोटीच. तोडणारे हाड पोखरतात तेव्हा त्याचा अंश रक्तात उतरतो. तो मोजला की तोडणाऱ्यांचा जोर कळतो.

चाचीने मान डोलावली, पण गोळी घशाला टोचते म्हणून दुधाच्या चहाबरोबर घेऊ लागली. दूध त्या गोळीला पोटातच अडवते. माझ्यापर्यंत ती पोचलीच नाही.

तपासणीची वेळ आली ती रमजानात. चाचीला वाटले, रोज्याइतके उपाशी पोट दुसरे कुठले? पहाटे सेहरीला भाकरी आणि मच्छी पोटभर खाऊन ती सकाळी रक्त देऊन आली. पण पोटात अन्न पडले की तोडणारे काही तास हात आखडतात. अहवालात आकडा चांगला खाली आला.

"अम्मी, गोळी लागू पडली," सून आफरा हरखून म्हणाली. आत मी घाबरून गेलो. मला ओरडता थोडेच येते?

डॉक्टरही अहवाल पाहून खूश झाल्या. मग सहज म्हणाल्या, "रोज्यात गोळी कधी घेता?"

"सेहरीला. खाना झाला की चायबरोबर. दिवसा कशी घेऊ, रोजा हाय ना."

डॉक्टरांनी अहवाल खाली ठेवला. "रक्त दिलंत त्या दिवशीही सेहरी केली होती?"

"व्हय. त्याच्यानंतर पानी बी नाय पिलं."

"चाची, रोजा तुमचा पक्का. पण या तपासणीला रात्रभर रिकामं पोट लागतं. हा आकडा धरायचा नाही. ईद झाली की पुन्हा रक्त द्या. आणि गोळी चहाबरोबर नको, खाण्याआधी साध्या पाण्याबरोबरच घ्या."

चाची ओशाळली. "माझीच चूक झाली."

"मीही आधी विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

ईदनंतर खरा आकडा आला, चांगलाच वर. तेव्हापासून दर आठवड्याला गोळीच्या दिवशी चाची सकाळी साधे पाणी पिऊन ताठ बसते. आफरा चहावर झाकण ठेवून पहारा करते. "अर्धा तास होऊ द्या, अम्मी."

"सासू मी का तू?" चाची कुरकुरते, पण बसून राहते. पुढच्या तपासणीला आकडा खरोखर उतरला. माझ्यातल्या भरणाऱ्यांना अखेर उसंत मिळाली.

मध्यंतरी ओल्या अंगणात चाचीचा पाय घसरला. ती थेट माझ्यावर आपटली. मी कळवळलो, पण धरून राहिलो. आफरा धावत आली. "अम्मी, हलू नका." चाचीने हळूच पाय हलवून पाहिला, मग मला चाचपले. "हाय जागेवर," ती म्हणाली. "शुकर अल्लाचा." आणि सुनेचा हात धरून उठली.

मित्रांनो, आम्ही हाडे मोडेपर्यंत गप्प असतो. म्हणून आजीला गोळी घेतलीस का, एवढेच विचारू नका. कधी आणि कशाबरोबर घेतली, तेही विचारा. डॉक्टरांच्या त्या साध्या प्रश्नाचे उपकार माझ्यावर आहेत. खुबा मोडलेल्या कितीतरी बायका खुर्चीत बसून नमाज पढतात. आमची चाची आज उभी राहून पढते आहे.