रंगवलेली डावी बाजू

मास्तर, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. माझा स्वतःचा बसायला बरीच वर्षं लागली. पण तुमची पँट आधी आलेली असताना इस्त्रीखाली माझा शर्ट का, असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. ही लॉन्ड्री माझ्या अक्काची. आणि ती आज इथं उभी आहे ती केवळ माझ्यामुळे.

अक्काने इस्त्रीवरून मान वर केली नाही. मागे भाऊजी चादरींच्या घड्या घालत होते. ते फारसे बोलत नाहीत. अक्काशी लग्न झाल्यापासून तशी वेळच आली नाही.

तर, फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना कुठे भरवायचा, यावरून आमची आणि नदीपलीकडच्या शहराची जुंपली होती. त्यांनी जाहीर केलं, आमच्या स्टेडियमचं छप्पर छत्रीसारखं उघडेल-मिटेल. आमचे महापौर म्हणाले, आमचं अख्खं स्टेडियमच उन्हाकडे पाठ करून फिरेल. ते म्हणाले, सामन्याच्या दिवशी पाऊस पडणार नाही, लिहून देतो. आमचे म्हणाले, आमच्याकडे पडेल, पण फक्त मध्यंतरात, गवतापुरता.

स्टेडियमचा अजून पत्ता नव्हता. नकाशा मात्र तयार होता, आणि त्यात अक्काच्या लॉन्ड्रीच्या जागी मान्यवरांच्या गाड्या उभ्या होत्या. म्हणजे सामना आम्हाला मिळाला की अक्काचं दुकान गेलं.

"मग अक्का काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"तोंडाने काही नाही. महापौरांच्या शर्टाला तिने स्टार्चच असा घातला की महिनाभर त्यांना मान वळवता येईना. लोकांना वाटलं, माणूस किती करारी झाला!"

मग पाहणीला समिती यायची ठरली. महापौरांनी ह्या आपल्या रस्त्यावरच्या भिंती रंगवायला काढल्या. रंग पुरेना. तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. पाहुण्यांना बसमध्ये डावीकडे बसवायचं, उजवीकडचे पडदे शिवून टाकायचे आणि रस्त्याची डावी बाजूच तेवढी रंगवायची. डाव्या बाजूचं भंगार, मोडक्या खाटा, फुटके नळ, सगळं उचलून उजव्या बाजूला, अक्काच्या दारापुढे. आणि डावीकडे लोकांना नव्या टोप्या देऊन उभं केलं, झेंडे हलवायला.

"आणि मास्तर, त्या बसचा ड्रायव्हर कोण? मी!"

मागे भाऊजींना ठसका लागला. अक्काने शर्टाची कॉलर उलटी केली.

"मी काय केलं? बस रस्त्याच्या दुसऱ्या टोकाने आत घातली. बस्स. झाली ना डावी बाजू उजवी! पाहुण्यांना दिसले ते पोपडे, खाटा आणि अक्का. पलीकडे टोपीवाले पडद्यांकडे बघून झेंडे हलवताहेत. त्यातला एक बावळट तर असा उड्या मारत होता की टोपी गटारात पडली."

"मग समिती चिडली असेल!"

"तिथेच तर घोळ झाला. समितीचे अध्यक्ष खाली उतरले. त्यांच्या शर्टावर कॉफी सांडली होती. अक्काने तो उभ्या उभ्या धुऊन, इस्त्री करून दिला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, जिथे जाईन तिथे ओल्या रंगाचा वास. खरं शहर आज पाहिलं. सामना इथेच!"

"अरे देवा. म्हणजे दुकान गेलं?"

"जाणारच होतं. पण बातमी नदीपलीकडे पोचली. त्यांनी घाईघाईने नवे फुटपाथ उखडले, रंग खरवडला, आपल्याच महापौरांच्या बंगल्याची खिडकीसुद्धा फोडली. समिती तिकडे गेली आणि विरघळलीच. एवढी पडझड आमच्याकडे कुठून आणणार? सामना त्यांना मिळाला, लॉन्ड्री वाचली. आमचे महापौर अजून विचारतात, डावी बाजू रंगवायची अक्कल कुणाची? तर मास्तर, एवढं ज्याने केलं त्याचा शर्ट आधी नको?"

अक्काने इस्त्री उभी केली.

"बाळ्या, तुला सायकल येत नाही. बसमध्ये बसलास तर दुसऱ्या स्टॉपला ओकतोस. त्या दिवशी बस ह्यांनी चालवली. नोकरी पणाला लावून. आणि तू कुठे होतास सांगू? समोर, रंगवलेल्या बाजूला, महापौरांचा झेंडा घेऊन उड्या मारत होतास. गटारातली ती टोपी मीच धुतली!"

तिने माझा अर्धा इस्त्री झालेला शर्ट बाजूला फेकला.

"मास्तर, आणा ती पँट."