राखनगरचा पूल

मी राखनगर बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी आहे पुठ्ठ्याचा खोकाच. माझ्या पोटात ड्रॅगनने जाळलेलं एक शहर आहे आणि ते पुन्हा उभारायचे सत्त्याण्णव लाकडी तुकडे: घरं, मनोरे, एक चेटकीण, एक पूल. हिवाळा यायच्या आत सगळ्यांनी मिळून शहर बांधायचं, एवढाच खेळ. नियम चार पानांत संपतात. झाकणावर 'वय आठ आणि पुढे' असं छापलंय. निवृत्त अधिकाऱ्यांपासून जपा, असंही छापायला हवं होतं.

मला विबकेने कासेल या जर्मन शहरातल्या एका दुकानातून वडिलांसाठी आणलं. तिची आई रोसविता मार्चमध्ये वारली. तेव्हापासून रविवारी चारच्या कॉफीला ही माणसं प्लमचा केक खात घड्याळाकडे बघत बसायची. त्यात विबके सप्टेंबरात दहा वर्षांच्या येट्टेला घेऊन कायमची नॉर्वेला निघाली होती. हातात सहा रविवार होते. तेवढ्यात आजोबा आणि नात जरा जवळ यावेत, म्हणून मला आणलं होतं.

आजोबा म्हणजे फोल्कमार. चाळीस वर्षं नगरपालिकेत बांधकामाचे परवाने देत होते, म्हणजे बहुतेक वेळा नाकारत होते. त्यांनी मला उघडलं, चष्मा लावला आणि तुकडे मोजायला घेतले. येट्टे चेटकीण हातात घेऊन तयारच होती.

"शहाण्णव," ते म्हणाले. "पूल नाहीये."

"मग साखरेचा खडा ठेवू की त्या जागी."

"साखर म्हणजे पूल नव्हे."

"आजोबा, ड्रॅगन तरी कुठे खरा आहे?"

"बाबा, खेळा ना," विबके म्हणाली. "कोण तपासायला येणार आहे?"

"अपुरा खेळ मी सुरू करत नाही. कंपनीला लिहितो. ते नवा तुकडा पाठवतात."

पाठवतात हे खरंच आहे. या देशात बोटाएवढा तुकडा हरवला तरी लोक सही-तारखेनिशी पत्र लिहितात, आणि पलीकडचेही तितक्याच गंभीरपणे उत्तर देतात. उत्तर आलं: कारखान्याला उन्हाळ्याची सुट्टी आहे, थोडा धीर धरा. फोल्कमारना केवढं समाधान वाटलं! धीर धरणं त्यांच्या आवडीचं काम होतं.

आता लाज वाटते, पण सांगतो. पूल माझ्याच पोटात होता. आतल्या पुठ्ठ्याच्या खणाखाली सरकला होता. मला एकदा उलटं करून झटकलं असतं तर ठक्कन पडला असता. पण झटकायचं असं नियमांत कुठे लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते हा माणूस करत नाही.

मग दर रविवारी त्यांनी नातीला नियम वाचून दाखवले. "पूल आला की वेळ वाया जायला नको," म्हणे. तिसऱ्या रविवारी येट्टे मोबाइल घेऊन बसली. सहाव्या रविवारी तिने विचारलं, "आज तरी?"

"पुढच्या आठवड्यात नक्की येईल."

"पुढच्या आठवड्यात आम्ही नसू, आजोबा."

त्यांनी केकचे तीन सारखे तुकडे केले. ते काम त्यांना उत्तम जमतं.

गुरुवारी मायलेकी गेल्या. सोमवारी टपालाने पूल आला. तो ठेवण्यापूर्वी त्यांनी माझी धूळ पुसायला घेतली, खण उचलला आणि खाली जुना पूल दिसला. बराच वेळ ते दोन्ही पूल तळहातावर घेऊन बसले. वाटलं, आता तरी हा माणूस रडेल. त्यांनी मोजले.

"अठ्ठ्याण्णव," रोसविताच्या रिकाम्या खुर्चीला ते म्हणाले. "आता एक जास्त आहे." आणि जास्तीचा पूल परत पाठवायला कंपनीला पत्र लिहायला बसले. मला हसता येत असतं तर माझं झाकण उडालं असतं.

रविवारी चार वाजता नातीचा फोन आला, तेव्हा त्यांनी दोन पुलांची हकीकत सांगितली.

"परत पाठवताय?" येट्टे म्हणाली. "त्यापेक्षा मला द्या."

"नुसता पूल घेऊन काय करशील?"

"काही नाही. बाकीचं तुम्ही घेऊन या."

मला वाटलं, आता हे नियम काढणार. काढलाच. चष्मा लावून माझं झाकण वाचलं, घसा खाकरला.

"यावर लिहिलंय, दोन ते चार खेळाडू. मी इथे एकटाच आहे."

"मग?"

"म्हणजे यावंच लागेल मला. नियमच आहे तसा."

सध्या मी त्यांच्या बॅगेत आहे, इस्त्रीच्या शर्टांखाली गुदमरतोय. तुमच्या कपाटात माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर बाबांनो, आधी खेळा, मोजणी नंतर करा. समोरचं माणूस तुकडे पूर्ण व्हायची वाट बघत बसत नाही.

हे सुधारले असं मात्र समजू नका. निघताना त्यांनी पुन्हा मोजलेच. अठ्ठ्याण्णव. एक जास्त. क्षणभर थांबले, आणि झाकण तसंच लावून टाकलं.