माझी एकटीची भोजली

सत्यशीलाची घागर भरली, तिनं ती डोक्यावर घेतली, आणि बेबीताईनं पदराची गाठ सोडून चिंच बाहेर काढली. रोजचंच होतं ते. आधी चिंच, मग चुलीतली राख. नळाच्या पितळी तोटीला ती अशी घासायची, की वाटावं पोरीच्या लग्नातली परातच घासून राहिली आहे. घासून झालं की तोटी धुवायची, आणि मग कुठं स्वतःची घागर लावायची.

"घास बाई, घास," सत्यशीलाची माय मथुरा म्हणाली. "तोटी कशी चकचक करते! आमच्यापायी बस्तीतल्या नळाले तं दिवाळीच हाय."

"तोंड नोको चालवू वं मथुरे. सायबाचा हुकूम हाय म्हनून लाइनीत उबी हायस. राख लावू नोका, असं काई सायेब बोलला नाई."

खरंच बोलला नव्हता. आमची बस्ती सुपेल्याच्या बाजारापासून आत, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होतात तिथं आहे. एका अंगाला छत्तीसगढी लोकांचं जुनं गाव, दुसऱ्या अंगाला आम्ही भंडाऱ्याकडून आलेले. आमच्यातला जो तो कारखान्यात जातो आणि बायका कोणाच्या तरी बांधीत राबतात. नळ आला तेव्हा सत्यशीलाच्या घरच्यांना तो शिवूच देत नव्हते. तिचे वडील बळीरामकाका नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, कारखान्यात क्रेन चालवतात, कोणाला भीत नाहीत. त्यांनी अर्ज दिला, युनियनची माणसं जमवली. मग एक साहेब जीपमधून आला आणि भर चिखलात उभा राहून म्हणाला, सगळे एकाच लाइनीनं पाणी भरतील, नाही तर नळ कापतो. बस्ती मुकाट झाली. नळ मोकळा झाला. फक्त राख तेवढी उरली.

पण खरं सांगू? त्या सकाळी मी लाइनीत उभी राहून जळत होते, ती त्या राखेसाठी नाही. सत्यशीलाच्या डोक्यावर घागर चढवायला हात लावला होता कलावतीनं. माझ्या कलावतीनं!

कलावती त्या जुन्या गावातली. आम्ही एका वर्गात. बांधीच्या पाण्यात ओढणीनं मासोळ्या धरायला तिनं मला शिकवलं, मी तिला मराठी शिकवली. आता ती आमच्यासारखीच "मले, तुले" करते. पंधरा ऑगस्टला मी शाळेत भोंग्यासमोर भाषण केलं, कागदाकडं एकदाही न पाहता, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या होत्या. त्या दिवसापासून माझी छाती अशी फुगली होती की मला कोणाचीच भीती वाटेना. मास्तरांचीसुद्धा नाही. आणि त्याच आठवड्यात कलावती माझ्या शेजारून उठून सत्यशीलाच्या बाजूला जाऊन बसली.

दुपारी आम्ही कलावतीच्या बांधीत निंदणाला गेलो. वरून ऊन, खाली काळी कन्हार माती, पाय टाकला की चप्पल मागतेच. पलीकडं कारखान्याच्या चिमण्यांचा धूर आणि अलीकडं हिरवंगार धान, मध्ये वाकलेल्या बायका. माझी माय सिंधुताई आणि मथुरामावशी लागून-लागून निंदत होत्या. बांधीत दोघींचं मेतकूट. माय आपली सुखदुःखं तिला सांगते, मामीच्या चहाड्यासुद्धा तिलाच सांगते. मथुरामावशीला तहान लागली तर माय लगेच लोटा घेऊन उठते. मावशी ओंजळ करते आणि माय वरून पाणी ओतते. हातभर वरून.

मी कलावतीच्या ओळीत घुसले.

"कलावती, परवा भोजली हाय ना तुमची?"

"हाय ना."

भोजली म्हणजे त्यांच्या बायकांचा सण. श्रावणात टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात, पिवळे लुसलुशीत कोंब येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजत-गाजत तळ्यावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. त्यातले चार कोंब ठेवून घेतात आणि ज्या पोरीशी जीव जडला असेल तिच्या कानावर खोवतात; मग ती तिची भोजली. एवढंच मला ठाऊक होतं.

"कोनाच्या कानात लावशीन?" मी विचारलं. विचारताना हसले, कारण उत्तर मला माहीतच होतं.

"सत्यशीलाच्या."

माझ्या हातात तणाऐवजी धानच उपटून आलं.

"आन मी?"

"तिनं मले भागाकार शिकवला," कलावती म्हणाली. "तू नुसती भाषन आयकवते. येताना बी भाषन, जाताना बी भाषन."

"मले भागाकार येत असता तं मी बी शिकवला असता!"

"पन येत नाई ना?" असं म्हणून ती खीखी हसली, आणि तिकडून सत्यशीलाही हसली. ऐकत होती ती, मेली! माझं अंग असं पेटलं की तो सगळा चिखल वाळून जावा.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. माझे बाबा हिरालाल कारखान्यात खलासी आहेत, म्हणजे क्रेनला माल बांधून देतात. कपड्यांवर तांबडी धूळ, कानात तांबडी धूळ. माय त्यांना वाढत होती आणि मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बाबा, सत्यशीलाले लय मस्ती चढली हाय."

"चढू दे," बाबा म्हणाले. "तिचा बाप वर बसते न मी खाली उबा राहातो. पोलादाची चादर माह्या डोक्यावर लोंबते. बळीरामचा हात जरासा हालला तं तुमी सारे माह्या नावानं रडसान. पन त्याचा हात हालत नाई."

"मंग राखेसाठी बी अर्ज कावून नाई देत ते?" मी तिखटपणानं विचारलं.

"मी बी तेच म्हटलं त्याले. तं म्हनते, हिरालालभाऊ, नळासाठी सायबाले अर्ज देला. राखेसाठी कोनाले देऊ? तुमच्या घरी येऊन देऊ का?"

मायच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. "जेवा तुमी मुकाट्यानं," ती म्हणाली.

भोजलीच्या दिवशी सकाळी ऊन होतं, दुपारून आभाळ भरून आलं. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन गात तळ्याकडं निघाल्या. आम्ही बघायला गेलो. मायही आली, पण तिचा सगळा जीव अंगणात वाळत घातलेल्या शेवयांमध्ये. "पानी येते, लवकर चाला," एवढंच तिचं चाललेलं.

सत्यशीला तळ्याच्या पाळीवर, बांधावर, बाजूला उभी होती. टोपलीतल्या भोजली देवीला तिनं हात जोडले नाहीत. त्यांच्यात देवी चालत नाही, हे कलावतीला ठाऊक होतं आणि कलावतीच्या आजीलाही. आजीला सगळं गाव दाई म्हणतं. पांढरे केस, हातभर चांदीची कडी, आणि तिनं बोट वर केलं की पंचातले म्हातारे गप बसतात.

"देवीले मत जोड हात," दाई सत्यशीलाला म्हणाली. "मितानीले तो जोडबे ना?"

"मैत्रीले जोडीन," सत्यशीला म्हणाली.

टोपल्या पाण्यात गेल्या. कलावती ओले कोंब मुठीत धरून पाळीवर चढली आणि सरळ तिच्याकडं निघाली. मला राहवेना. भोंग्यासमोर बोलणारी पोट्टी मी, मी काय बघत उभी राहू? धावत गेले आणि दोघींच्या मधोमध उभी राहिले.

"पयले मी!" असं म्हणून मी तिच्या मुठीतले कोंब हिसकले आणि तिच्याच कानावर खोवले. "झाली मी तुझी भोजली. आता बस!"

बायका हसून-हसून लोळल्या. कलावतीही हसली, पण तिनं उरलेल्या कोंबांतले माझ्या कानावर लावले आणि दुसरे सत्यशीलाच्या. मग दाई काठी टेकत आली.

"दो झन होगे तो का होगे? अब तुम दोनों घलो बदव," ती आमच्याकडं काठी दाखवून म्हणाली. म्हणजे मी आणि सत्यशीलानंही एकमेकींना कोंब लावायचे. "नहीं तो निकाल दे कान ले."

काढून टाक! माझा हात कानावर गेला. समोर सत्यशीला कोंब पुढं करून उभी. डोळे माझ्या डोळ्यांत. सगळी पाळ बघत होती. काढले असते तर कलावती तिची एकटीची झाली असती.

तेवढ्यात पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले आणि मागून माय ओरडली, "अवं नलू, घे ना बाई लवकर! दसऱ्याले सोनं वाटतो तसंच हाय थे. शेवया भिजून राहिल्या माह्या!"

मग काय! मी कान पुढं केला.

आमच्याकडं आपट्याची पानं दसऱ्याला बघेल त्याला देतात आणि दुसऱ्या दिवशी केराबरोबर झाडून टाकतात. मायला वाटलं हेही तसंच. तिला काय माहीत की इकडं कानावर चढलेली भोजली जन्मभर उतरत नाही! जाता-जाता दाईनं माझी हनुवटी धरली. "अब एक-दूसर के नाव झन लेबे, नोनी. सिरिफ भोजली कहिबे. अऊ भोजली के महतारी, तोर फुलदाई." नाव घ्यायचं नाही, आणि तिची माय ती माझी फुलदाई, म्हणजे दुसरी आईच. तसंच तिचंही.

मायला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर.

लाइन लागलेली. मायनं घागर लावली, भरली, उचलली, आणि सत्यशीला पुढं होऊन वाकली. चारचौघींत मायच्या पायांना हात लावून म्हणाली, "जय भीम, फुलदाई."

माय जिथल्या तिथं थिजली. मागून कलावतीची दाई बोळकं उघडून म्हणाली, "हौ, नियम ये."

बेबीताईला सारं समजून घ्यायला जरा वेळ लागला. समजलं तसे तिचे डोळे चमकले.

"म्हंजे सिंधुताई, हे पोट्टी तुही पोरगी झाली?"

"तसं नाई वो बेबीताई, पानी येत होतं, घाईत..."

"घाईत का होईना. नातं झालं ना? मंग तुह्या मागं बी घासा लागते बाप्पा." आणि खरंच, पदराची गाठ सोडून तिनं चिंच काढली, राख घेतली, आणि माझ्या मायनं सोडलेली तोटी घासायला लागली. हसत-हसत. दोन-तीन बायकाही हसल्या.

माय बघत राहिली. कमरेवरच्या घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं, तिला भान नव्हतं. मथुरामावशी बाजूलाच होती. तिला टोमणा मारता आला असता. तिनं नुसती मायच्या घागरीला हात लावून ती सरळ केली.

"मथुरे," माय हळूच म्हणाली, "रोज असंच होते का वं पोटात?"

"होते. मंग सवय होते."

"मले कावून नाई सांगतलं? बांधीत तं सारं बोलतो आपन."

"का सांगू, सिंधुताई? तुहा जीव हाय माह्यावर, मले मालूम हाय. पन पानी वरूनच ओतते तू."

मायनं घागर खाली ठेवली. राखेचं टोपलं उचललं आणि नालीत पालथं केलं. वर आपली घागर घेऊन सगळं पाणी त्या तोटीवर भदाभदा ओतलं, राखेचा शेवटचा ओघळ जाईपर्यंत.

"आयका सगळ्या जनी!" ती ओरडली. माझं भाषण तिच्यापुढं काहीच नव्हतं. "आजपासून इथं कोनी राख आनली तं बळीरामभाऊ अर्ज लिवतीन न त्यावर पयला आंगठा सिंधुचा राहीन. सायबानं नळ कापला तं कापला! माह्या पोरीच्या भोजलीमागं घासाचं असन तं माह्या नरड्याले घासा पयले!"

"हमर गांव घलो दस्तखत करही," दाईनं मागून काठी आपटली.

नळ कापण्याचं नाव निघाल्यावर बेबीताईनं मान वाकडी केली, घागर लावली, पुटपुटत भरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती चिंच आणायला विसरली नव्हती, पण ती पदरातच राहिली.

आता वाटेल सगळं गोड झालं. माझं कुठं गोड झालं? माय तर उठता-बसता "भोजली जेवली का, भोजलीले शेवया देऊन ये" करायला लागली. खरवडीचा भात, जो जन्मापासून माझा हक्काचा, तो एक दिवस तिच्या ताटात! वर्गात ती कलावतीच्या कानात काही बोलली की मला मास्तरांकडं गाऱ्हाणं करावंसं वाटे, पण करू कसं? नाव घ्यायची बंदी. "मास्तर, भोजली बोलून राहिली," म्हटलं तर मास्तर विचारत, "कौनसी? तुम तीनों ही तो हो."

शेवटी एका संध्याकाळी मी ठरवलं, जाऊन सरळ भांडायचं. घरांच्या ओळीच्या टोकाला सत्यशीलाच्या घरात शिरले. मथुरामावशी चुलीपुढं होती, सत्यशीला गणितं सोडवत होती.

"माह्या मायले तू घेतलं, माह्या एकटीच्या भोजलीले बी घेतलं, आता बाबालेच घे!" मी दारातूनच सुरुवात केली.

"आली माही लेक!" मावशी म्हणाली. तिनं मला हाताला धरून चुलीजवळ बसवलं, पितळी पेल्यात पाणी दिलं. मी रागानं घटाघटा प्याले, पेला तोंडाला लावूनच. मग तिनं गुळाचा चहा दिला, आणि परडीतली ताजी तेलची, म्हणजे तळलेली गोड पुरी. टम्म फुगलेली, गूळ बाहेर आलेली, सगळ्यांत मोठी.

सत्यशीलाची पेन्सिल थांबली.

"माय, थे तं माही होती ना?"

"मंग का झालं? नलूनं पयले घेतली."

"मले कदी अशी फुगलेली देत नाईस तू!"

मी तिच्याकडं बघितलं. तिचं नाक लाल झालेलं, ओठ बाहेर आलेला, डोळे माझ्या हातातल्या तेलचीवर. जळत होती. अगदी माझ्यासारखी जळत होती!

मी मावशीच्या मांडीला आणखी टेकून बसले आणि तेलचीचा मोठा घास घेतला.

"फुलदाई," मी म्हटलं, "अजून एक दे ना."